फाटकावरचा पांढरा कागद

वेर्गीनियाबाईंना एका जागी बसलेलं वर्बीत्सा गावात फारसं कुणी पाहिलेलं नाही. चर्चमध्ये सगळेच उभे असतात, तेवढ्या वेळापुरत्या त्या चारचौघींसारख्या दिसतात. एरवी पायाला भिंगरी. घेवडा शिजायला ठेवतील, फाटकापर्यंत जाऊन येतील, झाकण काढून बघतील, की पुन्हा फाटकाकडे. त्यांचा नवरा मेतोदी अंगणातल्या बाकावरून हलत नाही. त्याचं म्हणणं, दोघांची हालचाल एकत्र धरली तर घर तसं बेतानंच चालतं.

तरुणपणी त्या शाळेत रशियन शिकवायच्या. मग राज्य बदललं आणि एका उन्हाळ्यात रशियन कुणालाच नकोसं झालं. सरकारनं तीन महिन्यांचा वर्ग काढला, आणि रशियनच्या बाया इंग्रजीच्या झाल्या. भिंतीला नवा रंग दिला म्हणून आतला चुना बदलतो थोडाच. पहिली चार वर्षं बाई पोरांच्या फक्त एक धडा पुढे होत्या. एखादं हुशार पोर सुट्टीत पुढचा धडा वाचून आलं की या पाठ फिरवून फळाच पुसत राहत. ती धास्ती जी अंगात शिरली ती निवृत्तीनंतरही निघाली नाही.

त्यात तो सायकलवाला आला. डॅन्यूबच्या काठानं परदेशी लोक सायकली हाणत समुद्रापर्यंत जातात, त्यातलाच एक. खराखुरा इंग्रज. बाईंच्या आयुष्यातला पहिला. फाटकाशी थांबला, टोपी काढली आणि विचारलं, "लू कुठं आहे?"

आता गावात ल्यूबेन नावाचा एक सुतार आहे, त्याला सगळे ल्यू म्हणतात. बाईंना वाटलं, ल्यूची कीर्ती इंग्लंडात गेली. त्या स्वतः चालत त्याला ल्यूच्या घरी घेऊन गेल्या. ल्यूनं पाव्हण्याला खुर्ची दिली, आलुबुखाराची दारू ओतली, वर टोमॅटो कापून दिले. पाव्हणा पाय आवळून बसलेला. तीन पेले झाल्यावर त्यानं अंगणातली लाकडी खोली बघितली आणि तिकडे असा धावला की ल्यूला वाटलं, दारू बाधली. लू म्हणजे संडास. बाईंना संडासाला चार इंग्रजी शब्द येत होते, चारही पुस्तकातले. माणूस अडल्यावर जो शब्द तोंडातून निघतो तो तेवढा येत नव्हता.

गाव महिनाभर हसलं. ल्यू अजून हसतो. पण बाईंना हसू काही आलं नाही. त्यांना वाटलं, तीस वर्षं आपण पोरांच्या झोळीत काय टाकलं? खडे की दाणे?

निवृत्तीनंतर त्यांनी वाचनघराच्या वरच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग सुरू केला तो या टोचणीपायी. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच वाजता. येणारे सगळे पन्नाशीच्या आसपासचे, आणि सगळे जायच्या घाईचे. कुणाला ट्रक चालवायला जायचंय, कुणाला स्ट्रॉबेरी तोडायला, बायकांना तिकडच्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. बाई त्यांना व्याकरण शिकवत नसत. त्या म्हणत, "व्याकरण चुकलं तर लोक हसतील. शब्द चुकला तर ल्यूच्या घरी जाल."

त्यांची रीत अशी की शब्द सुटा द्यायचा नाही, वस्तूला बांधून द्यायचा. ज्याची त्याची वस्तू. त्सेन्को बसड्रायव्हरला त्यांनी त्याच्या बसमध्येच नेलं आणि ब्रेकपासून पुसायच्या फडक्यापर्यंत सगळ्यावर चिठ्ठ्या डकवल्या. प्रवासी महिनाभर इंग्रजी आरशात केस विंचरत होते. त्सेन्को शिकला, आणि गेला. आता बस नाही. म्हणजे बस आहे, चालवायला कुणी नाही.

हेच बाईंना कुरतडे. माणूस शिकला की जातो. पंधरा वर्षांत वरच्या खोलीतून दीडशे माणसं उतरली ती जिना उतरून थेट इंग्लंडात. मेतोदी बाकावरून म्हणे, "वेर्गा, तू शिकवतेस की गाव उपसतेस?"

"मी नाही शिकवलं तर राहणार आहेत का?"

"न शिकता गेले तर परत तरी येतील."

यावर बाई फाटकापर्यंत जाऊन येत.

त्या वर्षी ऑक्टोबरात नेदका त्यांच्याकडे आली. नेदका चोपन्न वर्षांची, शिलाई कारखान्यात सत्तावीस वर्षं कॉलर लावलेली. कारखान्याला कुलूप लागलं, नवरा तीन वर्षांपूर्वी वारला, पोरगी रोसित्सा इंग्लंडात. घरात ती आणि तिची सासू, सत्त्याऐंशी वर्षांची स्ताना आजी. नेदका वर्गात दोन वर्षं येत होती, पण मागच्या बाकावर बसून. दिलेला शब्द नीट दुमडून वहीत ठेवायची, तोंडातून मात्र काढायची नाही.

"बाई," ती म्हणाली, "पोरीला दिवस गेलेत. नाताळात मोकळी होईल. तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका म्हातारीला बाई हवी आहे. अशा बाया पुरवणारे कचेरीवाले फोनवर बोलून बघणार. येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी, अकरा वाजता."

"म्हणजे अकरा दिवस."

"बोलता आलं तर ती जागा माझी. नाहीतर दुसरी कोणी बाई टपलेलीच आहे. आणि मग पोरीचं बाळंतपण मी इथं बसून फोनच्या काचेत बघायचं."

"तुला शब्द किती येतात?"

"मोजले. तीनशे दहा. पण समोरचं माणूस इंग्रजीत बोलायला लागलं की एकही जागेवर नसतो. सुयांचा डबा सांडल्यासारखं होतं."

वेर्गीनियाबाई तिथल्या तिथे उठल्या. वर्ग वगैरे राहू दे म्हणाल्या, आणि नेदकाच्या घरीच जाऊन धडकल्या.

पुढचे दहा दिवस त्या घराचं काय झालं ते विचारू नका. पलंग, उशी, चमचा, झारा, बादली, नळ, जिना, सगळ्यांवर पांढरे कागद, जाड काळ्या पेननं लिहिलेले, लांबूनही दिसावेत म्हणून. नेदका शिलाईवाली. उघडी कड दिसली की तिला चैन पडत नाही. प्रत्येक कागदाला तिनं चारी बाजूंनी काळी रेघ मारली, कापडाला पट्टी लावावी तशी. बाई म्हणाल्या, "रेघा कशाला, वेळ जातो." नेदका म्हणाली, "कड मारली नाही तर शब्द उसवतो." बाईंनी नाद सोडला.

वस्तू संपल्या तेव्हा शरीर उरलं. म्हातारीची सेवा करायची म्हणजे गुडघा, कोपर, टाच, पाठ, जीभ हे सगळं यायला हवं. घरात म्हातारी होतीच.

"हे काय लावतेस मला?" स्ताना आजी म्हणाली. तिच्या गुडघ्यावर कागद होता.

"आई, गुडघ्याचं नाव आहे ते. इंग्रजीत."

"माझ्या गुडघ्याला नाव आहे. सत्त्याऐंशी वर्षं झाली. आणि मी काय बाजारातली कोंबडी आहे, पाटी लावून ठेवायला?"

"आजी, दहाच दिवस," वेर्गीनियाबाई मधे पडल्या. "नेदकाचा सराव होतोय."

"कसला सराव?"

बाईंनी नेदकाकडे बघितलं. नेदकानं अजून सासूला सगळं सांगितलं नव्हतं, हे तिच्या मानेवरून कळलं. ती खाली बघून टाचेचा कागद चिकटवत होती.

"जायचा सराव होय," स्ताना आजी म्हणाली. "मग नीट चिकटव. तो डाव्या पायाचा सुटलाय." आणि पुढचे आठ दिवस ती गुडघ्यावर, कोपरावर आणि कपाळावर कागद घेऊन अंगणात मिरच्या भाजत बसली. शेजारची पेत्राना कुंपणावरून बघून गेली. म्हातारीला अंगावर काही उठलंय आणि सूनबाई कागदी पट्ट्या लावतेय, असं तिनं पलीकडच्या दोघींना सांगितलं. फार दिवस काढायची नाही, असंही.

इकडे वेर्गीनियाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. नेदकाला शब्द येत होते, पण बाईंना रोज नवा खड्डा दिसे. औषधाची गोळी शिकवली, पण गिळणं राहिलं. गिळणं झालं, तर ठसका राहिला. घरी जाताना वाटेत थांबून त्या हातावरच शब्द लिहीत. हो म्हणताना आपली मान आडवी हलते, आणि तिकडे आडवी मान म्हणजे नाही. फोनवर मान दिसत नाही हे किती बरं, असं त्यांना वाटलं, आणि लगेच वाटलं, पण तिथं गेल्यावर? म्हातारी विचारेल, गोळी दिलीस का, आणि ही मान हलवेल. मग दोन दिवस मान सरळ धरायचा सराव. नेदकाची मान आखडली.

"बाई, तुम्ही जरा बसा," नेदका म्हणाली. "तुमच्याकडे बघूनच मला विसरायला होतं."

बाई बसल्या. पाच मिनिटं.

गुरुवार उजाडला. बाई आठ वाजताच नेदकाच्या घरी. येताना त्यांनी फाटक उघडलं, बंद केलं, आणि तिथंच थबकल्या. दार झालं, खिडकी झाली, कुलूप झालं, पण फाटक? त्यांनी आत जाऊन नेदकाकडून मोठा कागद लिहून घेतला, एकच शब्द, फाटक, इंग्रजीत. नेदकानं सवयीनं काळी कड मारली. बाईंनी बाहेर जाऊन तो फाटकाच्या वरच्या फळीवर लावला. तिथं जागा स्वच्छ होती. नेदकाच्या नवऱ्याच्या तिसऱ्या पुण्यतिथीचा कागद वाऱ्यानं नुकताच गेला होता, चार खिळे तसेच होते.

आपल्याकडे माणूस गेलं की फाटकावर काळ्या कडेचा पांढरा कागद लागतो हे वेर्गीनियाबाईंना कुणी नव्यानं सांगायला नको होतं. सत्तर वर्षं त्या कागदांमधून चालत आल्या. पण त्या सकाळी त्यांच्या डोक्यात शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं. कागद लावला, मागे सरून बघितला, सरळ लागलाय म्हणून समाधान झालं, आणि आत गेल्या.

अकराला पाच कमी असताना नेदका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. फोन समोर, आवाज मोठा केलेला, बाईंनाही ऐकू यावा म्हणून. कचेरीनं बजावलं होतं की दुसऱ्या कुणी शब्द पुरवला तर बोलणं तिथंच थांबेल. म्हणून वेर्गीनियाबाईंनी अर्धा अक्रोड गालात धरला आणि ओठ मिटले. स्ताना आजी मागच्या अंगणात भाजलेल्या मिरच्या सोलत होती.

फोन वाजला. पलीकडची बाई पॉलीन. आवाज मऊ होता, पण जरा भरभर. नाव विचारलं, वय विचारलं. नेदकानं सांगितलं. मग विचारलं, म्हातारी पडली तर काय कराल?

नेदकाची नजर भिंतीवरून, नळावरून, पलंगाच्या पायावरून फिरली. मग तिनं डोळे मिटले. बाईंना दिसलं की ती सासूच्या अंगावरून फिरतेय, टाचेपासून वर.

"मी गुडघा बघते," नेदका इंग्रजीत म्हणाली. "मी कोपर बघते. मी डोकं बघते. मी उचलत नाही. मी उशी देते. मी फोन करते."

"छान," पॉलीन म्हणाली. "आणि त्या रागावल्या, जेवायला नको म्हणाल्या, तर?"

"मी रागवत नाही. मी थांबते. मी सूप परत गरम करते."

वेर्गीनियाबाईंनी अक्रोड दुसऱ्या गालात घेतला. त्यांना रडू येतंय की हसू, हे ठरायच्या आत बाहेर फाटक करकरलं आणि पेत्रानाचा आवाज आला.

"अगं नेदका, देव तिला क्षमा करो. काय गं हे, काल तर मिरच्या भाजत होती."

पेत्राना दारातून आत आली. हातात उकडलेल्या गव्हाचं पातेलं, वर साखर आणि अक्रोड पेरलेले, मेलेल्या माणसासाठी करतात तसे. चष्मा घरी. तिच्या मागे कोपऱ्यावरची इवान्का, हातात सहा शेवंतीची फुलं, गेलेल्या माणसाला जोडीनंच द्यायची म्हणून मोजून आणलेली. तिच्या मागे आणखी चौघी, मेणबत्त्या घेऊन. सगळ्या एकदम बोलत होत्या आणि त्यातल्या दोघी रडत होत्या.

नेदका टेबलाशी दगडासारखी बसलेली. बाई उठून हातवारे करत होत्या, तोंडात अक्रोड, त्यामुळे बायकांना वाटलं की बाईंना दुःखानं बोलवत नाहीये.

"कधी गेली?" इवान्का हळूच म्हणाली. "फोटो नाही लावलास कागदावर. नसेलच म्हणा, म्हातारीनं काढू दिला असता तर ना."

मागचं दार उघडलं. स्ताना आजी काठी टेकत आत आली. हात मिरच्यांनी लाल, कपाळावर इंग्रजी कागद.

"कोण गेलं गं?" तिनं विचारलं.

पेत्रानाच्या हातातलं पातेलं खाली गेलं. गहू पार चुलीपर्यंत उडाले.

"तुम्हाला विचारतेय मी," आजी म्हणाली. "रडताय कुणासाठी? मलाही सांगा, मी पण रडते."

एकीनं क्रूसाची खूण केली.

"तिथे काय चाललंय?" फोनमधून पॉलीनचा आवाज आला. "सगळं ठीक आहे ना?"

वेर्गीनियाबाईंना वाटलं, संपलं. अकरा दिवस, तीनशे कागद, आणि शेवटचा आपल्या हातानं फाटकावर ठोकला. त्या खुर्चीत बसल्या. खरंच बसल्या.

नेदका फोनकडे वाकली.

"माणसं आली," ती म्हणाली. "माणसं समजली आई मेली. आई मेली नाही. आई मिरच्या सोलते."

पलीकडे पॉलीन हसली. हसू दाबायचा प्रयत्न करून पुन्हा हसली. "कुणाची आई?"

"नवऱ्याची आई. नवरा मेला. आता आई माझी."

"आणि त्यांची सेवा तुम्हीच करता?"

"मी करते. रोज."

"मग तुम्ही इकडे आलात तर त्यांच्याकडे कोण बघेल?"

नेदकानं तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंना कळलं घोडं कुठं अडलं ते. शेजारी. शेजारी हा शब्द त्यांनी शिकवलाच नव्हता. पलंगावर, झाऱ्यावर, टाचेवर कागद लावता येतो. शेजाऱ्यावर कुठं लावायचा? बाईंना तो शब्द येत होता, जिभेवर अक्रोडाशेजारीच होता, आणि द्यायची सोय नव्हती. पण त्याहून वाईट होतं ते दुसरंच. शब्द असता तरी त्याच्यामागे माणूस होतं का? हे नेदकाला तरी ठाऊक होतं का?

"काय विचारतेय ती?" स्ताना आजीनं काठी आपटली.

"आई, ती विचारतेय, मी गेले तर तुमच्याकडे कोण बघणार."

खोलीत सगळ्याजणी आपापल्या मेणबत्त्यांकडे बघायला लागल्या.

"हे विचारायला इंग्लंडातली बाई लागली," आजी म्हणाली. "इतके दिवस इथं कुणाच्या तोंडातून निघालं नाही." ती हळूहळू खुर्चीत बसली आणि काठी उचलून पेत्रानाकडे रोखली. "मेल्यावर गहू घेऊन येतेस, जिवंतपणी सूप घेऊन यायला काय होतं? सोमवार तुझा."

"अगं आजी, मी तर येतच असते."

"कुंपणापर्यंत येतेस. सोमवारी आत यायचं. इवान्का, मंगळवार. ती फुलं ठेव, पाण्यात घाल, आणखी एक आण म्हणजे जिवंत माणसाची होतील." काठी फिरत वेर्गीनियाबाईंवर थांबली. "बुधवार तुझा. फाटकावर काय लावलंस ते मला माहीत नाही, पण तुझंच काम असणार."

बाईंनी मान हलवली. आडवी, आपल्याकडची.

अशी काठी सगळ्यांवरून फिरली. त्या सहाजणी आणि सातव्या वेर्गीनियाबाई. बरोबर आठवडा. एकही म्हणाली नाही की मला जमणार नाही. काठीसमोर कोण म्हणणार.

नेदका हे सगळं बघत होती. तिचे ओठ हलत होते, बाईंना ते दिसत होतं, ती शब्द चाचपत होती. शेजारी हा शब्द तिथं नव्हता. मग ती तो सोडून बाजूनं गेली.

"सोमवारी कुंपणाची बाई," ती फोनमध्ये म्हणाली. "मंगळवारी कोपऱ्याची बाई. बुधवारी माझी शिक्षिका. गुरुवारी चर्चजवळची बाई. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी, बाई, बाई, बाई. सगळ्या घराजवळच्या. आता सगळ्या इथे आहेत. आई ऑर्डर देते."

पॉलीननं इंग्रजीतला शेजाऱ्यांचा शब्द उच्चारला. "म्हणजे नेबर्स?"

"काय ते?"

"घराजवळची माणसं."

"नेबर्स," नेदका म्हणाली. एकदा, मग पुन्हा एकदा, हातात कापड घेऊन पोत बघावा तशी. "हो. माझ्याकडे सात नेबर्स आहेत."

फोन ठेवला तेव्हा नेदकाचा ब्लाउज पाठीला चिकटला होता. बायका जमिनीवरचे गहू गोळा करत होत्या. पेत्राना पुटपुटली की आता हे खायचं की नाही, जिवंत माणसाच्या नावानं केलेले. स्ताना आजी म्हणाली, साखर घातलीय ना, मग आण इकडे.

कचेरी शनिवारी कळवणार होती. ते दोन दिवस वेर्गीनियाबाईंनी कसे काढले ते मेतोदीला विचारा. त्यांनी तळघरातल्या सगळ्या बरण्या खाली काढल्या आणि परत लावल्या. जागा मिळाली नाही तर दोष त्यांचा, फाटकावरच्या कागदाचा. मिळाली तर आणखी एक घर अर्धं रिकामं. कुठल्या बाजूनं देवाला हात जोडावेत ते ठरेना. मेतोदी पहिल्यांदाच बाकावरून उठला आणि म्हणाला, "वेर्गा, ती बरणी मला दे. पाचवेळा पुसलीस, आता आतल्या मिरच्यांना गुदगुल्या होतील."

शनिवारी जागा मिळाली. तीन महिने तिकडे, तीन महिने इकडे, दुसऱ्या एका बाईबरोबर आळीपाळीनं. पॉलीननं रोसित्साला फोनवर सांगितलं म्हणे, की तुझ्या आईला शब्द कमी आहेत, पण आहेत तेवढे ती कामाला लावते. बाईंनी ते वाक्य तीनदा ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कमी आहेत म्हणाली?" आणि त्या रात्रीच्या जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला नेदका मिनीबसनं गेली. नाताळच्या चार दिवस आधी, बुधवारी, वेर्गीनियाबाई स्ताना आजीला सूप वाढत होत्या तेव्हा तिचा फोन आला. रोसित्साला मुलगी झाली होती. साडेतीन किलो, डोक्यावर केस, आवाज स्ताना आजीचा. सगळं सांगून झालं, तरी नेदका फोन ठेवेना.

"बाई, एक विचारायचंय. माझी म्हातारी मला डक म्हणते."

"डक म्हणजे बदक."

"ते येतंय मला, बदक तुम्हीच दाखवलं होतंत. म्हणूनच विचारतेय. आपल्याकडे बाईला बदक म्हटलं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. बिनडोक. मी तिचं सगळं नीट करते, गोळ्या वेळेवर देते, तरी बदक. परवा दुकानातल्या बाईनंही म्हटलं. काल बसच्या ड्रायव्हरनं. बाई, सगळ्या गावाला कळलंय का मी काय आहे ते?"

वेर्गीनियाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांनी पिशवीतून शब्दकोश काढला, तो त्या आता बरोबरच ठेवत. एक अर्थ, पक्षी. दुसरा, पटकन खाली वाकणे. तिसरा, जाड सुती कापड.

"कापड असेल," त्या म्हणाल्या, स्वतःलाही न पटल्यासारख्या. "तू शिलाईवाली ना."

"ड्रायव्हरला काय माहीत मी शिलाईवाली ते?"

बाई पानं उलटत राहिल्या. तीच जुनी धास्ती, हुशार पोर पुढचं वाचून आल्यावर वाटायची तशी. आता नेदका त्यांच्या पुढच्या धड्यावर होती, आणि त्या धड्याचं पुस्तक त्यांच्याकडे नव्हतं.

"काय झालं?" स्ताना आजीनं विचारलं. बाईंनी सांगितलं. आजीनं फोन मागून घेतला.

"नेदका, ती म्हातारी बदक म्हणते तेव्हा तिच्या हातात काय असतं?"

"चहाचा कप असतो, आई. माझ्यासाठी ओतते ना, तेव्हा म्हणते. देता देता."

"मग ते लाडाचं आहे," आजी म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं मी तुला तेच म्हणत आले. फक्त कप देत नव्हते." तिनं आपलं सूप पुढे ओढलं. "घे तो चहा. निवेल."